मग… मग… मग… : गोष्ट सांगायला शिकवणारे वर्गातले खेळ

फळ्याकडून

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र आहेत, पट २१. गेले दोन महिने शनिवारी आम्ही फक्त गोष्टींचे खेळ घेतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो, आणि तुमच्याकडचंही हवं आहे.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. दोन्ही इयत्तांना मी म्हटलं, मनाने एक गोष्ट लिहा. एकवीसपैकी पंधरा-सोळा गोष्टी जवळजवळ सारख्या निघाल्या. "एक राजा होता. मग तो शिकारीला गेला. मग त्याला वाघ दिसला. मग त्याने वाघाला मारले. मग तो घरी आला. तात्पर्य : नेहमी खरे बोलावे."

मुलांचा यात काही दोष नाही. परिपाठात रोज एक बोधकथा होते. पुस्तकातल्या पाचसहा ओळी एक जण वाचतो, शेवटी तात्पर्य म्हणतो, की लगेच दिनविशेष. चार वर्षं हे ऐकल्यावर गोष्ट म्हणजे "मग" आणि "तात्पर्य" असंच डोक्यात बसणार.

पण त्याच दिवशी मधल्या सुट्टीत हापशावर चौथीतली एक मुलगी मैत्रिणींना त्यांची शेळी सुटल्याचं सांगत होती. मी पाणी प्यायला गेलो होतो आणि तिथेच उभा राहिलो. शेळीची चाल, काकाचा आवाज, सगळं हुबेहूब. कुठे थांबायचं तेही तिला बरोबर कळत होतं. हीच मुलगी अर्ध्या तासापूर्वी वहीत राजाला शिकारीला पाठवून बसली होती. म्हणजे गोष्ट सांगता येते, ती वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहते. तिला आत आणायचं कसं, एवढंच मी शोधतोय.

पहिला खेळ पण-म्हणून. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापले. सातांवर "म्हणून" लिहिलं, पाचांवर "पण", आणि गड्डी उलटी ठेवली. एकाने पहिलं वाक्य सांगायचं, पत्ता उचलायचा, जो शब्द येईल त्यानेच पुढचं वाक्य सुरू करायचं. कोणी "मग" म्हटलं की बाकीच्यांनी सतरंजीवर थाप मारायची आणि त्याने वाक्य पुन्हा सांगायचं. शेळीवालीलाच पहिल्यांदा बसवलं. तिचं जसंच्या तसं देतो, मी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं :

"आमची शेळी सुटली."
(म्हणून) "म्हणून मी तिच्या मागं पळाले."
(पण) "पण माझ्या एकाच पायात चप्पल होती."
(म्हणून) "म्हणून मी वावरातनं न जाता बांधावरनं गेले."
(पण) "पण बांधावर काकाचा कुत्रा बसला होता, आन् त्यानं शेळीला नाही, मलाच पाह्यलं."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "पण" आला की अडचण येते, "म्हणून" आला की कुणाला तरी काही करावं लागतं. "मग"ने यातलं काहीच होत नाही, नुसतं पान उलटतं. हे मी मुलांना समजावून सांगितलेलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. पत्ते आधी निम्मे-निम्मे ठेवले होते. तेव्हा लागोपाठ "पण" येऊन गोष्ट जागच्या जागी गरगरायची, म्हणून सात-पाच केलं.

दुसरा खेळ फुलीचे शब्द. फळ्यावर लिहायचं : घाबरला, रागावला, आनंद झाला, वाईट वाटलं, लाज वाटली. प्रत्येकावर मोठी फुली. मग चिठ्ठी उचलायची. तिच्यात यातलीच एक भावना असते. तो शब्द न वापरता दोन वाक्यांत सांगायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी "तो रडला", "ती हसली" एवढंच केलं. तिसऱ्या शनिवारी एका मुलाने सांगितलं, "आजी दवाखान्यातून येणार होती. मी झाडलेलं अंगण परत झाडलं." चिठ्ठीत "आनंद" होता. पण वर्गातले निम्मे "काळजी" म्हणाले, आणि त्यावर दहा मिनिटं वाद झाला. मला तो वादच फार मोलाचा वाटला.

तुमच्याकडे काय काय खेळ आहेत? लिहा. जमेल तेवढ्या बारकाव्यानिशी लिहा.

खडूची पूड

सर, वाचनखूण साठवली. एकच अडचण आहे. माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत. एक जण पत्ते उचलतोय आणि सत्तावन्न बघतायत असं झालं तर पाचव्या मिनिटाला मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होईल.

फळ्याकडून

ताई, मग सहा-सहाचे गट करा आणि प्रत्येक गटाला आपली गड्डी द्या. आवाज होईल, होऊ द्या. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. शेवटी प्रत्येक गटाने एकच गोष्ट निवडून सगळ्यांना सांगायची. कोणती निवडायची यावर गटात जे बोलणं होतं ते कान देऊन ऐका. "हिची घे, हिच्यात कुत्रा मधेच येतो" असली वाक्यं ऐकायला मिळतात.

वेशीवरचा पार

आमच्या आजोबांपुढे गोष्टीला बसायचं तर एकाला हुंकार द्यायला लागायचा. दर वाक्याला "हूं". "हूं" थांबला की आजोबाही थांबायचे. झोपलास का रे, असं विचारायचे आणि खरंच झोपलो असलो तर गोष्ट तिथेच उद्यावर जायची.

मी आता पाचवीला हेच खेळ म्हणून घेतो. जोड्या पाडायच्या. एक सांगणारा, एक हुंकारी. हुंकाऱ्याला फक्त तीन आवाज करायची मुभा : साधा "हूं", प्रश्नाचा "हूं?" आणि दचकल्याचा "आं!". शब्द एकही बोलायचा नाही. सांगणाऱ्याने त्या आवाजावरून ओळखायचं की कुठे खोल जायचं आणि कुठे आटोपतं घ्यायचं. पाच मिनिटांनी अदलाबदल.

लक्षात आलेली गोष्ट अशी की जी मुलं स्वतः भरभर, खाली मान घालून सांगतात तीच हुंकारी म्हणून बसल्यावर पुढच्या फेरीत समोरच्याच्या तोंडाकडे बघून सांगायला लागतात. या खेळात मी कधीही "समोर बघून बोल" म्हटलं नाही. आधी वर्षानुवर्षं सांगूनही हे झालं नव्हतं.

दहावी अ

धागा छान आहे, पण थोडं विरोधी मत मांडते, राग नसावा. मी दहावीला मराठी शिकवते. कुमारभारतीत उपयोजित लेखनात कथालेखन आहे. शब्द दिलेले असतात, मुद्दे दिलेले असतात किंवा अर्धी कथा दिलेली असते. पोरांना शीर्षक, सुरुवात, मध्य, शेवट असा साचा लागतो. तो चौथीपासून मोडून टाकलात तर दहावीत आम्ही काय करायचं? आणि तात्पर्याची एवढी नावड का? आपल्या सगळ्या गोष्टी काहीतरी सांगण्यासाठीच तर आहेत.

फळ्याकडून

मॅडम, राग कसला, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. साचा मोडायचा नाहीये. अर्धी कथा पूर्ण करायची म्हणजे तरी काय करायचं असतं? दिलेल्या अर्ध्यात कोणती अडचण आहे ते ओळखायचं आणि तिच्यातून कोणाला तरी बाहेर काढायचं. ज्याने शंभर वेळा "पण" उचललाय त्याला ते दिसतं. ज्याने फक्त "मग" लिहिलंय तो दिलेल्या अर्ध्याला स्वतःचा राजा आणून चिकटवतो.

तात्पर्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की ते गोष्टीतून निघावं. राजा वाघाला मारतो आणि तात्पर्य खरं बोलण्याचं, हे कसं चालेल?

सूत्र-दृष्टांत

दहावी अ ताई आणि फळ्याकडून सर, तुमच्या दोघांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालतो, कारण इथे महानुभाव पंथाची आठवण होणं साहजिक आहे.

चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी एकत्र केले, तो दृष्टांतपाठ. तेराव्या शतकातली मराठी. त्याची बांधणी तीन पायांवर आहे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सांगायचा विचार, दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टांतिक म्हणजे गोष्ट त्या विचाराला कशी लागू पडते ते. म्हणजे ताई म्हणतात तसं गोष्टीतून काही सांगायची आपली रीत सातशे वर्षांहून जुनी आहे. पण सर म्हणतात तेही तिथेच आहे. मधली गोष्ट स्वतःच्या पायावर उभी असते. छोटीशी, रोजच्या जगण्यातली, आणि पाहिल्यासारखी.

यावरून आठवीत खेळ घेतला. गोष्ट सांगायची आणि तात्पर्य सांगणाऱ्याने नाही, ऐकणाऱ्यांनी लिहायचं, प्रत्येकाने वेगळ्या चिठ्ठीवर. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. लाकूडतोड्याच्या गोष्टीवर नेहमीचं "प्रामाणिकपणाचं फळ" तर आलंच. पण एकीने लिहिलं, "कुऱ्हाड एकच असली की माणूस पाण्याकाठी बसून रडतो." तिचे वडील गवंडीकाम करतात. मी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

दुसरा खेळ त्याच ग्रंथातल्या आंधळ्यांच्या हत्तीवरून. कुणाला हत्ती सुपासारखा वाटतो, कुणाला खांबासारखा, ही गोष्ट सगळ्यांना माहीतच असते. वर्गात हत्ती कुठून आणणार, म्हणून जुनी लांब दांड्याची छत्री अर्धी उघडून चादरीखाली ठेवली. एकेकाला बोलावून डोळे मिटायला लावले आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या एकेका ठिकाणी लावला. एकाला मूठ, एकाला टोक, एकाला कापड, एकाला तारा. परत जागेवर जाऊन प्रत्येकाने त्या "प्राण्याची" गोष्ट सांगायची. मुठीवाल्याचा प्राणी मान वाकडी करून झोपणारा निघाला, तारांवालीचा उपाशी. मग चादर काढली. यानंतर "हीच घटना दुसऱ्याच्या तोंडून सांगा" म्हटलं की मुलांना फोड करून सांगावी लागत नाही.

दहावी अ

चिठ्ठ्यांचा खेळ उद्याच घेते. तात्पर्य ऐकणाऱ्याने लिहायचं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चार वेगळी तात्पर्यं निघाली की कोणती गोष्ट पोकळ आहे आणि कोणती भरीव तेही आपोआप कळेल.

रविवारची शाळा

आम्ही न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळा भरवतो. सात ते दहा वयाची मुलं आहेत. मराठी समजतं, पण बोलताना तिसऱ्या शब्दाला अडतात. "मनाने गोष्ट सांग" हा प्रश्नच तिथे नव्हता.

आमच्या मदतीला चिऊताई आली. तिच्या गोष्टीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि तेच आमचं भांडवल. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." हे सगळ्यांनी मिळून म्हणायचं. "थांब, माझ्या बाळाला…" इथे मी थांबते आणि एकेकाने जागा भरायची. आंघोळ घालते, तीट लावते, काजळ घालते. त्यांच्या घरातलं आलं तर तेही चालवून घेते. एकाने "थांब, माझ्या बाळाला स्नोबूट घालते" म्हटलं, आणि बरोबरच आहे की, बाहेर पाऊसच असेल असं नाही, बर्फही असू शकतो.

हेच भोपळ्यातल्या म्हातारीचं. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन" ही लय तोंडात बसली की मुलं वाघाच्या जागी नवीन प्राणी आणतात आणि म्हातारीचं उत्तर तेच राहतं. ठरलेली ओळ म्हणजे धरायला कठडा असतो. दोन ओळींमधली पायरी तेवढी स्वतःची टाकायची.

आणि शेवट आम्ही श्रावणातल्या कहाण्यांचा घेतो : "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." अर्थ पूर्ण कळो न कळो, हे म्हणताना मुलांचा आवाज बदलतो. गोष्ट संपवायची असते, ती तशीच सुटून जात नाही, हे त्यांना त्या एका ओळीने कळलं. "आटपाट नगर होतं"चंही तसंच, नगर म्हटलं की पाठ ताठ होते.

नारदाची गादी

थांबण्यावर कोणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो. घरात कीर्तनाची परंपरा आहे, स्वतः शाळेत संगीत शिकवतो.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. मध्ये बुक्का लागतो, कीर्तनकाराला हार घातला जातो. आता आख्यानात बघा. प्रसंग अगदी टोकाला आला, दारावर थाप पडली, की बुवा दार उघडत नाहीत. पेटीकडे बघतात आणि पद सुरू करतात. श्रोते त्या पदभर दाराशी उभे असतात. हे कौशल्य ठरवून शिकण्यासारखं आहे.

माझा खेळ : प्रत्येकाने कालची खरी घडलेली गोष्ट सांगायची आणि एकदाच थांबायचं. थांबल्यावर तोंडाने पाचपर्यंत ठेका धरायचा, धा धिं धिं धा, काहीही. तेवढ्यात ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना पुढचं ऐकावंसं वाटतंय त्यांनी हात वर करायचा. हात मोजायचे. मग तीच गोष्ट पुन्हा सांगायची, पण थांबायची जागा बदलायची. परत हात मोजायचे.

सहावीतल्या एकाने सायकल पडल्याची गोष्ट सांगितली. आधी पडल्यावर थांबला तेव्हा चार हात आले. दुसऱ्यांदा "उतारावर मी ब्रेक दाबला" इथे थांबला आणि अख्खा वर्ग वर. तो स्वतःच चकित झाला. मुलाला स्वतःच्या गोष्टीत अशी जागा सापडते तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पेटी-तबला असेल तर उत्तम, नसेल तर बोटांचा पाऊस करा. सगळ्यांनी तळहातावर आधी एका बोटाने वाजवायचं, मग दोन, तीन, चार, शेवटी पूर्ण टाळी, आणि तसंच उलटं येत पाऊस थांबवायचा. पन्नास मुलांनी केलं की पत्र्यावर पावसाची सर आल्यासारखं वाटतं. खडूची पूड ताई, तुमच्या ५८ मुलांचं इथे बळच आहे.

कुडाळच्या अलीकडे

आमच्या तालुक्यात पिंगुळी आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. सुटी सुटी चित्रं असतात, त्यांचा संच म्हणजे पोथी. रामायण-महाभारतातली आख्यानं, त्यातली काही इथल्याच तोंडी परंपरेतली. चित्र समोर उभं करायचं, वाद्यांच्या साथीने गात-बोलत सांगायचं आणि पुढचं चित्र आणायचं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. त्यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

चित्रकथी बघताना मला कळलं ते हे की चित्रात पात्रं नुसती उभी असतात. बाण सुटलेला असतो, पण किंकाळी चित्रात नसते. ती सांगणाऱ्याच्या गळ्यात असते.

त्यावरून खेळ केला. गटाने सहा पाठकोऱ्या कागदांवर सहा चित्रं काढायची. अट एकच : चित्रात दिसतं ते तोंडाने सांगायचं नाही, आणि तोंडाने सांगायचं ते चित्रात काढायचं नाही. पहिल्यांदा सगळे "ही विहीर, हे झाड, ही मुलगी" असंच सांगतात. अट आठवून दिली की विचारात पडतात. विहीर तर दिसतेय, मग बोलायचं काय? तेव्हा विहिरीतल्या पाण्याचा वास, मुलगी मनात काय म्हणतेय, आई लांबून काय हाक मारतेय, हे यायला लागतं.

आणि एक. निवेदन प्रमाण भाषेत असलं तरी पात्रांना आपापल्या घरच्या बोलीत बोलू द्या. आमच्याकडे "कुठे चाललीस?" म्हटलं की पोरं पुस्तक वाचल्यासारखी बोलतात. "खंय चललंस गो?" म्हटलं की हात, मान, डोळे सगळं बोलायला लागतं.

खडूची पूड

बोलीचा मुद्दा फार महत्त्वाचा, दादा. आमच्या शाळेत तपासणीला आलेल्या एका साहेबांनी "शुद्ध बोल" म्हणून एका मुलाला गोष्टीच्या मध्येच थांबवलं होतं. त्या मुलाने पुढे वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. मी तेव्हा नवीन होते, गप्प बसले. आज बसणार नाही.

बोर्डीवाली

बोलीवरून आमच्याकडचं. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. शाळेत पोरं येत नाहीत तर शाळा पाड्यावर गेली, गुरं चारायला गेलेल्या पोरांसाठी कुरणावर गेली. शिकवायचं साहित्य म्हणजे आसपासची पानं, बिया, शिंपले. गोष्टीच्या खेळाला मी तेच वापरते. प्रत्येकाने शाळेत येताना वाटेवरची एक वस्तू उचलून आणायची आणि ती पिशवीत टाकायची. मग कोणाचीही कोणाला. "ही वस्तू इथे कशी आली?" एवढाच प्रश्न. मागच्या आठवड्यात पिशवीत एसटीचं तिकीट, मोडकी बांगडी, मोराचं अर्धं पीस आणि सायकलच्या घंटीची वाटी होती. घंटीची वाटी कोणालाच सोडायची नव्हती.

फळ्याकडून

आठवडाभर लिहू शकलो नाही. शनिवारी हुंकार, थांबा आणि छत्री तिन्ही घेतले, त्याचा वृत्तांत.

छत्री आमच्याकडे तितकी जमली नाही. माझी चूक अशी झाली की पहिल्यालाच मूठ लावली, त्याने "छत्री" म्हणून ओरडून दिलं. पुढच्या वेळी तारांपासून सुरुवात करेन आणि मूठ शेवटी ठेवेन.

हुंकाराने मात्र कमाल केली. चौथीत एक मुलगा आहे, दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतो. परत आल्यावर महिनाभर कुणाशी बोलत नाही, कारण वर्ग पुढे गेलेला असतो. त्याला मी हुंकारी केलं, शेळीवालीच्या जोडीला. तीन "हूं" झाले, चौथ्याला त्याने "आं!" केलं आणि ती खुलली. अदलाबदल झाल्यावर त्याची पाळी आली. मी पत्ते पुढे केले.

"आमची गाडी रात्री अडीचला भरली." (पण) "पण एक बैल बसला, उठंच ना." (म्हणून) "म्हणून बापानं जू खांद्यावर घेतलं." इथे तो थांबला. कोणी थांब म्हटलं नव्हतं. शेळीवाली हूं म्हणायचं विसरली. मग त्याने पत्ता न उचलताच सांगितलं, "तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा उजेड आला."

नियमाने तो शब्द चालत नव्हता. सतरंजीवर थाप मात्र कोणीही मारली नाही. गोष्ट झाल्यावर मुलांनीच मागणी केली की "तेवढ्यात" हा पत्ता गड्डीत हवा. लग्नपत्रिका शिल्लक नव्हती, तर त्या मुलाने स्वतःच्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडून दिलं आणि त्यावर स्वतः लिहिलं. "ढ्या" दोनदा खोडलाय.

वेशीवरचा पार

वा सर! "तेवढ्यात"चे पत्ते किती ठेवलेत? माझ्याकडे बारांत दोन टाकून बघावेत का?

फळ्याकडून

दोन नका ठेवू. सोमवारी ठेवून बघितले. दर चार वाक्यांनी कोणीतरी उगवायला लागलं, ट्रॅक्टर, पोलीस, मामा. एकच ठेवलाय, तोच पुठ्ठ्याचा. बाकी पत्त्यांपेक्षा जाड असल्याने उलटा असला तरी ओळखू येतो, त्यामुळे गड्डी मीच धरतो आणि तो कुठे घालायचा ते पाठमोरा होऊन ठरवतो.